ड्यूटीच्या यादीतलं नाव

घोडेगाव, ता. नेवासा
सोमवार, १७ जानेवारी १९७२

प्रिय कादर,

आज सकाळी मी तुझं नाव वाचलं आणि कागद पालथा घातला.

हल्ली दर सोमवारी मी पहिल्या एस.टी.नं नगरला जातो. सैनिक बोर्डाच्या ओसरीत एक बाक आहे. त्यावर बसून लोकांचे पेन्शनीचे अर्ज लिहून देतो. अक्षर बरं आहे आणि घरी वाट बघणारं कुणी नाही. तुझी छबूवहिनी जाऊन चार वर्षं झाली; तुला कळलं नसेल. डिसेंबरातल्या लढाईपासून ओसरीत पाय ठेवायला जागा नसते. काही बाया तर इतक्या लहान वयाच्या, की नवऱ्याचा नंबर विचारला तर घराचा नंबर सांगतात.

आज कचेरीतले कारकून राधाकृष्णपंत यांनी मला एक गठ्ठा दिला. म्हणाले, रंगनाथराव, ही जुनी अपिलं चाळा, कुणाचा कुठला कागद कमी पडतो ते चिठ्ठीवर लिहून वर टाचा. तिसरा कागद तुझा निघाला. शेख कादर गुलाब, माजी शिपाई, उजवा पाय गुडघ्यावरून कापलेला, हल्ली मुक्काम श्रीरामपूर. सही तुझी होती. अक्षर तुझ्या बायकोचं, अख्तरीचं असावं, कारण तुझ्या 'क'ला कधी इतका पोक नव्हता.

अपिलाचा निकाल कसा लागतो ते तुला कुणी नीट सांगितलं नसणार, म्हणून लिहितो. पहिल्यांदा पेन्शन कचेरी ठरवते. ती नाही म्हणाली तर अपील, तेही फेटाळलं तर दिल्लीला दुसरं अपील. तिथं तीन-चार साहेब बसतात. ते अर्जदाराला बोलावत नाहीत. तुझा पाय तिथं कुणी बघणार नाही. ते कागद बघतात, आणि कागदाला एकच गोष्ट विचारतात, की इजा झाली तेव्हा हा माणूस सरकारी कामावर होता का. ड्यूटीची यादी, चौकशीचा जबाब आणि दवाखान्याचं बुक, हे तिन्ही जुळले तर पेन्शन मिळते. न जुळले तर पाय त्यानं आपल्याच हातानं घालवला असं धरतात.

तुझ्या फायलीत यादीवर दुसऱ्याचं नाव आहे. चौकशीत लिहिलं आहे की शिपाई कादर विनापरवाना, स्वतःच्या कामासाठी गाडीत चढला. गाडी चालवणारा तर जागीच गेला, तो काही सांगायला उरला नाही. आता नवा पुरावा आला तरच ही फाईल उघडेल.

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'ड्यूटीवर असल्याचा साक्षीदार पाहिजे.' टाचणी लावली आणि गठ्ठा परत दिला.

असा साक्षीदार मिळतो का बघ. अर्ज मी नीट लिहून देईन.

तुझा
रंगनाथदादा


घोडेगाव
सोमवार, २८ फेब्रुवारी १९७२

प्रिय कादर,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत तुझ्या हातच्या दोनच ओळी आल्या: 'दादा, साक्षीदार कुठं राहतो ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यालाच विचारा.'

कार्ड उघडं असतं. छगन पोस्टमन ते वाचतच आला होता. म्हणाला, "हवालदार, ह्यो साक्षीदार आपल्याच गावचा हाय का काय?" मी म्हटलं, आहे एक जुना माणूस. तो हसला आणि पुढच्या दाराला गेला. मी तसाच उंबऱ्यात उभा राहिलो. शुक्रवार होता, बाजारचा दिवस. रस्त्यानं बैलं चालली होती, आणि मला वाटत होतं की जो तो माझ्या हातातल्या कार्डाकडं बघतो आहे.

ठीक आहे. यादीत नाव माझं होतं. ते तुला सांगायची गरज नाही, पण मी हे कधी लिहिलेलं नाही, म्हणून एकदा लिहून बघतो.

आपल्या कंपनीत आपण दोघांनी एक रीत पाडली होती. रमजानात तुझं दुपारचं जड काम मी उचलायचं, माझ्या एकादशीला माझं तू. यादीत कधी बदल केला नाही. यादी बदलायची तर सुभेदारसाहेबांना विचारावं लागलं असतं, आणि ते म्हणाले असते की पलटणीत देव रविवारी. म्हणून हाक मारली की हजर कोण ते बघायचं, नाव कुणाचं ते बघायचं नाही. नऊ वर्षं हे चाललं. बाकीची पोरं आपल्याला 'रोजा-एकादशी' म्हणायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. घरी जसं एका भावाची पाण्याची पाळी दुसरा भाऊ धरतो, तसं आपण सरकारी यादीला समजलो. सरकारी यादी तशी नसते हे मला कळायला हवं होतं. मी नाईक होतो, दंडावर पट्टी असलेला.

ती श्रावणातली एकादशी. लाकूड आणायच्या गाडीवर प्रमुख म्हणून माझं नाव. सकाळी मी तुला म्हटलं, कादर, आज तू जा. तू बूट बांधत होतास. तू विचारलंसही नाही, नुसता उठलास.

बिस्मिल्लाचाचीनं, तुझ्या आईनं, बावन्न साली तुला माझ्या हवाली केलं तेव्हा ती नगरच्या स्टेशनावर म्हणाली होती, "रंगनाथ, ह्याला रागवायचं झालं तर तू रागव. दुसऱ्याला रागवू दिऊ नगंस." चौकशीत साहेब तुझ्या बेशिस्तीबद्दल बोलले तेव्हा मी दारापाशी उभा होतो.

मी निवेदन देतो. चांगलं लिहीन. तू निश्चिंत राहा.

तुझा
रंगनाथ


घोडेगाव
सोमवार, २२ मे १९७२

प्रिय कादर,

परवा मी श्रीरामपूरला येऊन गेलो. तू सायकलच्या दुकानातच होतास, तरी लिहितो, कारण तू मान वर केली नाहीस.

मी फळकुटावर बसलो. तू घमेल्यात ट्यूब फिरवत होतास, बुडबुडा शोधत होतास. सापडला तरी तू ती ट्यूब फिरवतच राहिलास. गनीभाईनं, तुझ्या मेव्हण्यानं, मला चहा आणून दिला आणि उगाच उसाच्या गाड्यांविषयी बोलत बसला, म्हणजे गप्प बसावं लागू नये. भला माणूस आहे. तुझी कुबडी भिंतीला लावलेली होती. तिच्या वरच्या टोकाला जुन्या खाकी शर्टाची चिंधी गुंडाळली होती. ते कापड मी ओळखलं.

मग अख्तरी मागच्या दारातून आली. पदर सारखा करून ती समोर उभी राहिली. मी तिला लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती म्हणाली, "दादा म्हनते, कारन हे अजून दादाच म्हनतात. तुमचं पत्र मी वाचलं. अक्षर लई सुंदर हाय. दुसऱ्याचे अर्ज लिवता म्हनं?"

मी हो म्हटलं.

"किती लिवले?"

मी म्हटलं, मोजले नाहीत.

"मंग एक ऱ्हायला तर काय हरकत?" असं म्हणून ती हसली. गनीभाई म्हणाला, "अक्तरी, पाव्हणा हाय." ती म्हणाली, "म्हनून तर हसून बोलते."

पुढं ती जे बोलली ते तूही ऐकलंस. पण मला ते पहिल्यांदा कळलं. तुझा पाय कापल्यावर चौकशीचे साहेब दवाखान्यात आले. तुला गाडीत कुणी पाठवलं हे त्यांनी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा तू गप्प राहिलास. अख्तरी म्हणाली, "का गप ऱ्हायले म्हायतीय? म्हनले, मी नाव घेतलं तर दादाची पट्टी जाईल. दादा सोता येऊन सांगंल. पडल्या पडल्या दाराकडं बघत ऱ्हायले. मंग साहेबानं कागद बांधला."

कादर, मी इतकी वर्षं समजत होतो की तू शुद्धीवर नव्हतास. तुझ्या फायलीत 'विचारले असता समाधानकारक उत्तर नाही' असं वाक्य आहे. जानेवारीत ते मी वाचलं होतं, आणि माझ्या मनात आलं होतं की बरं झालं, यानं काही सांगितलं नाही.

तू एकदाच बोललास, मी उठलो तेव्हा. "गाडी साडेचारला हाय," एवढंच. मी साडेचारच्या गाडीनं आलो.

रंगनाथ


घोडेगाव
सोमवार, ७ ऑगस्ट १९७२

प्रिय कादर,

पाऊस नाही. विहिरीत हंडा तळाला टेकतो आणि वाजतो. नेवाशाच्या बाजूला खडी फोडायची कामं निघणार म्हणतात.

तुझ्या अपिलावर दिल्लीचं पत्र आलं आहे. नवा पुरावा असल्यास ऑक्टोबरअखेर पाठवावा, नाहीतर आहे त्या कागदांवर निकाल होईल. म्हणजे यानंतर कुणी ऐकणार नाही.

जूनमध्येच मी एक निवेदन लिहून राधाकृष्णपंतांकडे दिलं होतं. तुला कळवलं नाही. ते असं होतं: 'माझ्या माहितीप्रमाणे शिपाई कादर हा त्या दिवशी लाकूड आणण्याच्या सरकारी कामावरच होता.' चार ओळी. त्यात खोटं काही नव्हतं. मला वाटलं, एवढ्यानं तुझं काम होईल, आणि माझंही झाकलेलं राहील. अर्ज लिहून लिहून मला हे चांगलं जमतं. काय लिहायचं नाही ते मी लोकांना शिकवतो.

आज राधाकृष्णपंतांनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं. ते फार सावकाश बोलतात. म्हणाले, "रंगनाथराव, मी ही सगळी फाईल वाचली. यादीवर प्रमुख म्हणून तुम्ही. चौकशीत तुमचा जबाब की मी सकाळपासून तापानं आजारी होतो, गाडीत कोण गेलं ठाऊक नाही. आणि आता तुम्हीच म्हणता की तो कामावर होता. ठाऊक नव्हतं, तर हे कळलं कुठून?"

मी फायलीतली माझी जुनी सही बघत होतो.

ते म्हणाले, "एकाच माणसाचे दोन जबाब एकमेकांविरुद्ध असले, की समिती पहिला धरते. दुसरा दोस्तीखातर दिला असं समजते. हे चार ओळींचं निवेदन मी पाठवलं तर त्याच्या अपिलाचं नुकसानच होईल. पहिला जबाब खोटा का होता हे दुसऱ्यात असेल तरच दुसऱ्याला वजन." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या पट्टीवर, पेन्शनीवर काही येईल का, हे मला सांगता येणार नाही. येऊ शकतं. मी तुम्हाला लिहा असंही म्हणत नाही."

कागद त्यांनी मला परत दिला.

तेव्हा आता उरलेलं लिहितो. हे तुला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, छबूलाही मी सांगितलं नव्हतं.

उपवासानं मला त्या दिवशी अडवलं नव्हतं. उपवास धरून मी त्याआधी कितीदा ओंडके उचलले होते. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सुभेदारसाहेब पलटणीच्या मंदिरात पोथी ऐकायला बसणार होते, आणि पोथी मी वाचणार होतो; लाकडाची गाडी तर अंधार पडेपर्यंत परतत नसे. हवालदारीची नावं त्याच महिन्यात वर जायची होती. माझा आवाज त्यांच्या कानावर पडावा म्हणून मी तुला गाडीवर पाठवलं. देवाचं नाव मी पुढं केलं.

गाडी उलटली नऊच्या सुमारास. मला साडेदहाला कळलं. ते कळल्यावर मी तुझ्याकडं धावलो नाही. मी आधी दवाखान्याच्या तंबूत गेलो आणि ताप आहे म्हणून बुकात नाव लिहून घेतलं. कंपाउंडरनं ताप कधी आला ते विचारलं नाही, वरच्या ओळीतली सकाळची वेळ बघून माझ्या ओळीतही तीच भरली. त्या ओळीवर पुढं सगळी चौकशी उभी राहिली. नंतर मी बराकीत येऊन बसलो. उपवास मोडला नाही. पलीकडं तुझा पाय कापत होते तेव्हा मी उकडलेले बटाटे मीठ लावून खाल्ले. ते गोड लागले होते, हेही आठवतं.

मला दोन महिन्यांनी हवालदारी मिळाली.

रंगनाथ


घोडेगाव
मंगळवार, २४ ऑक्टोबर १९७२

प्रिय कादर,

ऑगस्टपासून आजपर्यंत मी काय करत होतो असं तू विचारशील, किंवा विचारणार नाहीस. मी कोरे कागद आणत होतो. दोन वेळा नेवाशाच्या गाडीत बसलो आणि वाटेत उतरून परत आलो. एकदा उतरलो ते ठिकाण नुसतं माळरान होतं. कंडक्टर म्हणाला, "हवालदार, हितं कोन हाय तुमचं?" परतीची गाडी येईपर्यंत तिथं बसलो. चारही बाजूंना कुणी नव्हतं, आणि तरी मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

तुला माझी भीती हास्यास्पद वाटेल. गावात माझं फार काही नाही. पण हवालदार म्हणून हाक मारतात. संध्याकाळी देवळात दिवेलागणीला दहा-बारा माणसं जमतात, मी पोथी वाचतो. बाकीचा सगळा दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही तरी चालतं, कारण संध्याकाळी तो आवाज असतो. तेवढाही जाईल असं वाटायचं.

गेल्या गुरुवारी मी पोथी उघडली आणि वाचता येईना. अक्षरं दिसत होती. मी ती मिटली आणि जमलेल्यांना सगळं सांगितलं, यादी, गाडी, तापाची ओळ. बटाट्यांचंही सांगितलं. कारभारी पाटील उठून गेला. त्याचा मुलगा पलटणीत आहे.

बनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, कानानं अधू, नेहमी अगदी पुढं बसते. ती म्हणाली, "त्यो पोरगा जगला का?"

मी म्हटलं, जगला. श्रीरामपूरला असतो.

"मंग आमाला काय सांगतोस? आमी का पेन्शन देनार हाय त्याला?"

ती रागानं नाही बोलली. तिला खरंच ते समजत नव्हतं. तेव्हा मला कळलं की देवळात सांगूनही मी स्वतःसाठीच काहीतरी मागत होतो.

शुक्रवारी पोथीला चारजण आले. मी वाचली.

काल सोमवारी नेवाशाला गेलो. या खेपेला उतरलो नाही. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करायचं तर नायब तहसीलदारांसमोर उभं राहावं लागतं. तरुण गृहस्थ आहेत. खडीकामाच्या हजेऱ्यांच्या ढिगातून त्यांनी मान वर केली, माझा कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला. कुणी दबाव आणला का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. "हे तुमच्याच विरुद्ध आहे, कळतंय ना?" मी म्हटलं, मीच लिहिलं आहे, साहेब. मग त्यांनी शपथ दिली. अकरा वर्षांपूर्वी दिली होती तशीच, पण तेव्हा मी भराभर बोललो होतो.

त्यात काय आहे ते तुला कळावं. यादीत नाव माझं होतं. शिपाई कादर माझ्या सांगण्यावरून, माझ्या जागी, सरकारी कामावर गेला. मी त्याचा नाईक होतो, म्हणून त्याच्या दृष्टीनं तो हुकूमच होता. चौकशीतला माझा जबाब खोटा होता. आजारपणाची नोंद मी अपघातानंतर करून घेतली. कादरनं माझं नाव घेतलं नाही, ते मला वाचवण्यासाठी. एवढं आहे. सुंदर अक्षरात नाही.

आज सकाळी पहिल्या गाडीनं नगरला गेलो. राधाकृष्णपंतांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. त्यांनी मला शाबासकी दिली नाही, ते बरं झालं. अपिलासोबत जोडायचा एक छापील फॉर्म पुढं केला. म्हणाले, दिल्लीची मुदत पाळली तरी पुरावा अकरा वर्षांनी येतो आहे, तेव्हा उशिराचं कारण भरावं लागतं, कारण पटलं तरच समिती पुढचं वाचते.

तो रकाना मी आजवर पुष्कळांसाठी भरला आहे. आजारपण, अज्ञान, पत्ता बदलल्यानं पत्र न मिळणं, अशी तीन-चार कारणं चालतात. माझ्या बोटांना ती पाठ आहेत. अज्ञान लिहिलं असतं तर पानावर बरं दिसलं असतं. पण तू अज्ञानी नव्हतास, आणि मीही नव्हतो.

याबदली मी तुझ्याकडं काही मागत नाही, आणि निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. तो दिल्लीच्या खोलीत लागेल. तिथं तू नसशील, मीही नसेन. मला विचारायला बोलावलं तर जाईन. ओसरीतला बाक पुढच्या सोमवारपासून दुसऱ्या कुणाला द्या असं सांगितलं आहे. ज्याच्या लिहिण्यावर कुणी भरवसा ठेवावा, असा माणूस तिथं असावा.

पोच या पत्रात घातली आहे. तिच्यावर नंबर आहे, तो जपून ठेव. पुढं काही विचारायचं झालं तर हाच नंबर लागतो.

रकान्यात मी लिहिलं, 'साक्षीदार भ्याला होता.' खाली नाव, नंबर, हवालदार ही पदवी न घालता सही केली, आणि कागद खिडकीतून आत दिला.

रंगनाथ